एकेचाळिसाव्या मैलावरचा पूल

हॅरिएट गावाला जिच्यावरून नाव पडलं, ती बाई हॅरिएटला कधीच आली नाही. रेल्वे कंपनीच्या कुणा बड्या साहेबाला चार मुली होत्या. १९११ साली सस्कॅचेवानच्या माळावर शाखा लाइन टाकताना स्टेशनांना नावं काय द्यायची ते त्याला सुचेना, तेव्हा त्याने घरातल्याच पोरी ओळीने उभ्या केल्या. एडिथ, मॉड, हॅरिएट आणि शेवटची क्लोटिल्ड. मग तिथे राहायला आलो ते आम्ही, गॅलिशियातून बायकापोरांसकट निघालेले युक्रेनी, आणि चार घरं आइसलँडची. हॅरिएट म्हणताना म्हाताऱ्यांच्या जिभेला घाम फुटायचा. ते आपले शेवटपर्यंत 'खारित्या' म्हणत राहिले. आजूबाजूचे लोक या छप्पन्न मैलांना 'पोरींची लाइन' म्हणत.

ओस्ताप बाराबाश या लाइनीचा मुकादम. लाइन घातली त्याच्या बापाने, ह्नातने. पाटीवर साहेबाचं नाव आहे, ते सोडा. बॅजर नदीवरच्या पुलाचे चौसष्ट खांब दोन घोड्यांच्या जिवावर ओढून आणले ते ह्नातने. पार पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून आलेले, डांबरतेल पाजलेले खांब. त्यांच्या वासाने घोडे शिंकायचे. ह्नात मरेपर्यंत सांगत होता, "माझी नातवंडं मातीत जातील, पण हे खांब हलायचे नाहीत." म्हाताऱ्या माणसांना असलं बोलायची खोडच असते, म्हणून कुणी ते मनावर घेतलं नाही.

पूल होता मॉड आणि हॅरिएटच्या मध्ये, एकेचाळिसाव्या मैलावर. दोन पोरी अलीकडे, दोन पलीकडे. पुलाला काही झालं की हॅरिएट आणि क्लोटिल्ड माळावर सोडून दिल्यासारख्या.

१९४६ साली ओस्ताप मुकादम झाला तेव्हा त्याच्या हाताखाली सहा जण होते. कंपनीने एकेक करून सहाही काढले आणि १९७३ उजाडलं तेव्हा तो एकटा उरला. रोज सकाळी मोटार-ट्रॉली रुळावर चढवायची आणि तीस मैल तपासत जायचं. या ट्रॉलीला छप्पर नाही, भिंत नाही, नुसतं मांडीला खेटून फटफटणारं इंजिन. सत्तावीस वर्षं त्याच्याशेजारी बसून ओस्तापला ओरडून बोलायची सवय लागली होती. परास्का, त्याची बायको, म्हणायची, "मी तुझी बायको आहे रे, तुझी टोळी नाही." त्यावर तो म्हणायचा, "आणि तू कवळी बसवल्यापासून नुसती पुटपुटतेस." एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की ती सांगायची, चंडोल आला बघ, काय गातोय! ओस्ताप मान हलवायचा. चंडोल आता राहिलेत कुठे? शेतात एवढं विष फवारतात, सगळे मेले बिचारे. परास्काला वाटायचं, हा आपला उगीच वाद घालायचा म्हणून घालतो.

त्या वर्षी नदीवरचं बर्फ उशिरा आणि एकदम फुटलं. मोठाले तुकडे वाहत येऊन पुलावर आपटत होते, आठ दिवस. पाणी उतरल्यावर ओस्ताप गुडघाभर चिखलातून पुलाखाली उतरला आणि त्याने हातोडा काढला.

लाकडी पूल तपासायची मुकादमाची रीत सोपी असते. खांबावर हातोडा मारायचा आणि ऐकायचं. धड लाकूड टणकन वाजतं, आतून गेलेलं ढब्ब वाजतं. तेल पाजलेला खांब बाहेरून कधी सडत नाही, तो आतून जातो. म्हणून पहार खुपसून काही कळत नाही, हातोडाच खरं सांगतो. गेली दोन-तीन वर्षं ओस्तापला खांबांचा आवाज बसल्यासारखा वाटत होता. या खेपेला त्याने पहिल्या खांबावर हातोडा मारला. ढब्ब. दुसऱ्यावर, ढब्ब. चिखलात पाय ओढत तो नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेला. चौसष्टांतला एकही खांब टणकन वाजला नाही.

हातोडा पिशवीत टाकून तो वर आला. मग घरी जाऊन त्याने चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं.

नियम असा होता: मुकादमाला पुलाची शंका आली की त्याने सावकाशीची चिठ्ठी द्यायची. ताशी दहा मैलांच्या वर गाडी चालवायची नाही, पूर्ण भरलेली वाघीण पुलावर न्यायची नाही. आणि चिठ्ठीच्या शेवटी लिहायचं, 'तपासणी होईपर्यंत'. मग कंपनीच्या पुलांची टोळी महिन्याभरात येते, गिरमिटाने खांबाला भोक पाडून आतलं लाकूड बघते आणि काय तो निकाल देते. मुकादमाकडे गिरमिट नसतं. त्याच्याकडे हातोडा आणि कान.

चिठ्ठी अजून टेबलावर होती तोच हाल्दोर थॉर्सन आला. हाल्दोर गावातल्या धान्याच्या कोठीचा एजंट. रुळाला लागून उभी असलेली ती उंच लाकडी कोठी, तिच्यात शेतकरी गहू आणून ओतायचे आणि हाल्दोर तो वाघिणींत सोडायचा. तीस वर्षं दर शनिवारी दोघं पत्ते खेळत आलेले. चिठ्ठी वाचून त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चौसष्टच्या चौसष्ट?"

"चौसष्टच्या चौसष्ट."

"अरे, माणसाचे दातसुद्धा एकेक करून पडतात. सगळे एका दिवशी पडलेले मी कुणाचे पाहिले नाहीत."

"एका जंगलातले, एका वर्षी रोवलेले, एकच तेल प्यालेले. बरोबर जन्मले, बरोबर चाललेत. त्यात हे बर्फ आपटलं."

"ओस्ताप, ही लाइन कंपनीच्या गळ्यातलं लोढणं झालीय. ते नुसतं निमित्त शोधतायत आणि तू ते ताटात वाढून देतोयस. भरलेली वाघीण न्यायची नाही म्हटल्यावर शेतकरी माझ्याकडे कशाला येतील? ट्रक काढतील आणि सरळ मोठ्या लाइनीवरच्या जंक्शनला जातील."

"महिन्याभराची तर गोष्ट आहे. टोळी येईल, भोक पाडेल, खराब निघालं तर खांब बदलेल. नियमच आहे तसा."

"नियम!" हाल्दोर हसला. "अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालास, आणि अजून तुला वाटतं नियम दोन्ही बाजूंना लागू असतो?"

"त्या इंजिनात गॉर्डी बसतो, हाल्दोर. चार पोरं आहेत त्याला. मी टेबलाशी बसून गप्प राहू, आणि त्याला नदीत जाऊ देऊ?"

हाल्दोरने चिठ्ठी टेबलावर परत ठेवली. त्याने टोपी घातली आणि तो निघून गेला. गॉर्डी मॅकफेल म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, आठवड्यातून दोनदा यायचा. परास्काच्या हातच्या, बेरी घालून भाजलेल्या 'पाय'साठी तो इंजिनच आणतो असं गावात चेष्टेने म्हणत. चिठ्ठी बघून त्याने ओस्तापच्या पाठीत थाप मारली. "लेका, माझ्या आईनंतर माझी एवढी काळजी करणारा तूच." ओस्तापला ते ऐकून बरं वाटलं.

महिना गेला. टोळी आली नाही. ओस्तापने आठवणीचं पत्र पाठवलं. उन्हाळा गेला, आणखी एक पत्र. तीन वर्षांत त्याने सात पत्रं पाठवली आणि एकाचं उत्तर आलं: बाबीची नोंद घेण्यात आली आहे. नोंद मात्र चोख घेतली होती, ते पुढे कळलंच.

दरम्यान हाल्दोर म्हणाला होता तेच झालं. अर्ध्या भरलेल्या वाघिणी दहाच्या गतीने कुंथत पुलावरून जायच्या, आणि शेजारच्या रस्त्याने शेतकऱ्यांचे ट्रक धूळ उडवत त्यांना मागे टाकून जंक्शनला जायचे. हे शेतकरी म्हणजे दुसरे कुणी नव्हेत, हॅरिएटचेच. रविवारी चर्चमधून बाहेर पडून रेल्वे वाचवायच्या अर्जावर सह्या करायचे आणि सोमवारी ट्रक काढायचे. त्यांनाही दोष कसा द्यावा? कापलेला गहू बर्फ पडेपर्यंत कुणी उघड्यावर ठेवतं? पण गाव आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेत होतं, आणि पाय दुखला की ओस्तापकडे बघत होतं.

१९७६च्या नोव्हेंबरात लाइन बंद करायच्या कंपनीच्या अर्जावर शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. चौकशी मंडळाचे तीन जण, कंपनीचा वकील, आणि खुर्च्यांवर सगळं गाव कोट न काढता बसलेलं. आदल्या दिवशी हाल्दोर पुन्हा आला होता, उंबऱ्याच्या आत न येता त्याने एवढंच सांगितलं, "तुला विचारतील पूल धोक्याचा आहे का. 'मला माहीत नाही' म्हण. खोटं बोल म्हणत नाही मी. गिरमिट लागलेलं नाही, तेव्हा तुला माहीत नाही, हे खरंच आहे की नाही?"

वकील तसा सभ्य माणूस होता. त्याने ओस्तापची चिठ्ठी वाचून दाखवली, मग सातही पत्रं वाचून दाखवली, तारखांसकट. हातात कोलीत कसं धरावं हे त्याला छान माहीत होतं.

"मिस्टर बाराबाश, तीस वर्षांचा अनुभव असलेला मुकादम तीन वर्षांत आठ वेळा लेखी कळवतो की पूल धोक्याचा आहे. आणि गावकरी म्हणतात, याच पुलावरून गाड्या चालू ठेवा. मी काय समजावं?"

"मी लिहिलंय, तपासणी होईपर्यंत," ओस्ताप म्हणाला. जरा जास्तच मोठ्याने. "टोळी पाठवा, नवे खांब घाला, मी आज चिठ्ठी मागे घेतो."

"चौसष्ट नवे खांब. ज्या लाइनीवर गहूच येत नाही, तिच्यासाठी." वकिलाने चष्मा पुसला. "एकच सांगा. तुमच्या मते तो पूल धोक्याचा आहे की नाही?"

ओस्तापने हाल्दोरकडे पाहिलं. हाल्दोर आपल्या टोपीकडे बघत होता. 'मला माहीत नाही' एवढेच तीन शब्द होते. पण ओस्तापला माहीत होतं. त्याच्या हातोड्याने त्याला चौसष्ट वेळा सांगितलं होतं. सुनावणीच्या आधीच्या रविवारीसुद्धा तो पुन्हा पुलाखाली जाऊन आला होता, एखादा तरी खांब टणकन वाजेल या आशेने.

"आहे," तो म्हणाला.

मंडळाच्या माणसाने ते लिहून घेतलं. मागे एका बाईने नाक शिंकरलं.

मंडळाने लाइन बंद करायचा निकाल दिला आणि गावाने ओस्तापला वाळीत टाकलं. वाळीत टाकायचीही आमच्यात एक पद्धत आहे, कुणी तोंडावर बोलत नाही. शुक्रवारी चर्चच्या तळघरात बायका लांब टेबलाभोवती बसून बटाटा भरून उकडायच्या छोट्या करंज्या, म्हणजे पेरोहे, वळतात, शेकड्यांनी. प्रत्येकीची खुर्ची ठरलेली. परास्काची खुर्ची खिडकीजवळची, लग्न होऊन आल्यापासूनची. निकालानंतरच्या शुक्रवारी ती गेली तर त्या खुर्चीवर गव्हाच्या पोत्यासारखी एक श्क्रोम्युकांची सून बसली होती. परास्काने इकडेतिकडे पाहिलं. कुणी सरकलं नाही. ती कोट न काढताच परत आली आणि तेव्हापासून घरीच पेरोहे वळू लागली, दोन माणसांचे.

त्या दिवशी तिने ओस्तापसमोर बसून, चांगलं मोठ्याने, एकदाच विचारलं होतं. "आतून सडलाय ना तो? खात्री आहे ना तुझी?"

"माझ्या हातोड्याइतकी."

"मग झालं," ती म्हणाली. "मग बसू देत तिला माझ्या खुर्चीवर."

पुढची वर्षं दोघांनी या एका गोष्टीवर काढली. पूल सडलेला होता. लाइन गेली, गाव चाललंय, पण माणूस मेला नाही. गॉर्डी दर सात जानेवारीला, आमच्या नाताळाला, न चुकता यायचा. टेबलाशी बसून कुत्या, म्हणजे मध घातलेली गव्हाची खीर, खायचा आणि ग्लास वर करून म्हणायचा, "माझ्या जिवासाठी!" एका वर्षी बाटलीऐवजी त्याने परास्काला शिट्टीची किटली आणली. "पाणी उकळलं की माझ्या इंजिनासारखी ओरडते," तो म्हणाला. ओस्तापने दोन दिवस किटली निरखून पाहिली आणि जाहीर केलं की हिची शिट्टी बिघडलेली आहे. परास्का खूप हसली. किती दिवसांनी याला थट्टा सुचली, असं तिला वाटलं.

शेवटची गाडी १९७८च्या ऑक्टोबरात गेली. कोठीला कुलूप लागलं, पाठोपाठ क्लोटिल्डच्या शाळेला. हाल्दोरने सास्काटूनला मुलीकडे बिऱ्हाड हलवलं. जाताना त्याने सगळ्या गावाचा निरोप घेतला, एक घर सोडून. ओस्ताप खिडकीतून त्याची गाडी जाताना बघत होता. शनिवारचे पत्ते अजून ड्रॉवरमध्ये होते. त्याला हाल्दोरचा राग आला नाही, नुसतं भयंकर एकटं वाटलं.

जूनमध्ये रूळ उपटायला ठेकेदाराची माणसं आली. त्यांचा मुकादम रेमी बोशां, मॅनिटोबाचा, पस्तिशीतला, बोलघेवडा. लाइनीचा माहीतगार माणूस हवा म्हणून तो ओस्तापकडे आला आणि ओस्ताप 'हो' म्हणाला.

परास्का भडकली. "स्वतःच्या हाताने? त्यापेक्षा घरी बस ना!"

"परक्याने वेडेवाकडे खिळे उपटण्यापेक्षा मी उपटलेले बरे."

"प्रेताला आंघोळ घालायला चालल्यासारखा बोलतोयस."

"तसंच समज."

रूळ उपटायचं काम उलटं चालतं. गाडी लाइनीच्या टोकाला न्यायची, आणि पुढचे रूळ उचलून मागच्या वाघिणींवर ठेवत मागे मागे सरकत यायचं. गाडी जिथून मागे सरकली, तिथे परत जायला काही उरत नाही. क्लोटिल्ड तीन दिवसांत संपली. हॅरिएटमध्ये ओस्तापने स्वतःच्या घरासमोरचे खिळे काढले. त्यातले काही त्यानेच ठोकलेले, काही बापाने. परास्काने पडदे ओढून घेतले होते. दहाव्या दिवशी गाडी पुलाशी आली. इंजिन, आणि मागे दोन पोरींच्या लोखंडाने खच्चून भरलेल्या अकरा वाघिणी.

ओस्ताप लाल झेंडी घेऊन रुळात उभा राहिला. "थांब! एवढं वजन नाही पेलायचा हा. आतून सडलाय."

रेमी इंजिनातून खाली उतरला. "कुणी सांगितलं, मुकादम?"

"मी सांगतो. सहा वर्षं सांगतोय."

"अहो, नाही. कंपनीने तपासून दिलाय. कागद आहे माझ्याकडे. गेल्या नोव्हेंबरात त्यांची टोळी येऊन गिरमिट मारून गेली, सगळ्या खांबांना."

"नोव्हेंबरात? लाइन बंद झाल्यावर?"

"मग? लाकूड विकायचं तर माल बघूनच किंमत ठरणार ना!" रेमी त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाला. "बाजूला व्हा. तुमच्या जिवाची जोखीम नको, तुम्ही चालत या."

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो हा असा. सात पत्रांना जे गिरमिट आलं नाही, ते गिऱ्हाइकासाठी आलं होतं. ओस्ताप काठावर उभा राहिला आणि अकरा वाघिणी एकामागून एक पुलावर चढताना त्याने पाहिल्या. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, तीनदा. मनात कुठेतरी, देव त्याला क्षमा करो, पूल कोसळावा असंही त्याला वाटून गेलं. शेवटची वाघीण पलीकडे गेली. पूल हलला नाही, कुरकुरलासुद्धा नसावा.

दुपारी ते पूल कापायला लागले. ओस्ताप खाली उतरला. प्रत्येक खांबाला छातीच्या उंचीवर बोटाएवढी नवी लाकडी खुंटी मारलेली होती, गिरमिटाचं भोक बुजवलेली. रेमीच्या माणसाने पहिला खांब करवतीने आडवा कापला आणि वरचा तुकडा पालथा केला. आतलं लाकूड मधासारखं पिवळं होतं. राळेचा आणि डांबरतेलाचा वास सुटला, ह्नातचे घोडे शिंकायचे तो वास. पोकळी नाही, भुसा नाही, चीरसुद्धा नाही.

"हा एखादा चांगला असेल," ओस्ताप म्हणाला.

दुसरा कापला. तिसरा. नववा कापेपर्यंत तो तिथून हलला नाही.

"काय लाकूड आहे!" रेमी म्हणाला. "अजून शंभर वर्षं उभे राहिले असते."

ओस्तापने पिशवीतून हातोडा काढला आणि पुढच्या उभ्या खांबावर मारला. ढब्ब. "ऐकलंस? आहे की नाही पोकळ?"

रेमी हसायला लागला, मग त्याचा चेहरा बघून थांबला. "पोकळ? मुकादम, घंटेसारखा वाजतोय."

"तू मार."

रेमीने हातोडा घेतला आणि जोरात मारला. ओस्ताप कान देऊन उभा होता. ढब्ब. पण वर काठावर, चांगला पन्नास पावलांवर, रेमीचा एक माणूस पाठमोरा बसून डबा खात होता. हातोडा पडल्याबरोबर त्याने दचकून मान वळवली आणि खाली पाहिलं.

"आणखी एकदा," ओस्ताप म्हणाला.

रेमीने मारला. वरच्या माणसाने पुन्हा पाहिलं आणि वैतागून हातवारे केले, काय कटकट लावलीय म्हणून.

ओस्तापने हातोडा परत घेतला आणि पिशवीत ठेवला. चौसष्ट खांब एकाच वर्षी कसे सडले, हे हाल्दोरने विचारलं होतं. दात एकेक करून पडतात म्हणाला होता. चौसष्ट खांबांच्या मध्ये एकच गोष्ट सामाईक होती आणि ती नदीत रोवलेली नव्हती, सत्तावीस वर्षं ट्रॉलीवर बसली होती.

घरी जाताना वाटेत, उपटलेल्या स्लीपरांच्या ढिगावर पिवळ्या छातीचा एक चंडोल बसला होता. त्याने मान मागे टाकली, चोच उघडली. गळा थरथरत होता. ओस्ताप त्याच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभा राहिला. चंडोल उडून गेला आणि दुसऱ्या ढिगावर बसून पुन्हा चोच उघडून बसला. विषाने कुणी मेलं नव्हतं.

घरात परास्का पीठ मळत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हात न धुताच उठली.

"कापला ना आज पूल?" ती मोठ्याने म्हणाली. "आत काय निघालं?"

तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. दोन माणसांच्या पेरोह्यांचं. ओस्तापने खुर्ची ओढली.

"भुसा," तो म्हणाला. "सगळेच्या सगळे. आतून नुसता भुसा."

जन्मात पहिल्यांदा ओस्ताप बाराबाशने पुलाची खोटी चिठ्ठी दिली.

परास्काने क्रूसाची खूण केली, कपाळाला पीठ लागलं. मग ती रडायला लागली, हसायलाही लागली. "मला ठाऊक होतं! शुक्रवारी जाते मी तळघरात. एकेकीच्या तोंडावर सांगते. माझी खुर्ची रिकामी करायला लावते त्या ठोंबीला!" तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं. "तू बस. चहाचं ठेवते. मी एवढी शेपू घेऊन येते बागेतून."

ती किटली शेगडीवर ठेवून बाहेर गेली. ओस्ताप टेबलाशी बसून राहिला, शेगडीपासून दोन हातांवर. गॉर्डीचा जीव त्याने वाचवला नव्हता. हाल्दोरची कोठी, क्लोटिल्डची शाळा, खिडकीजवळची खुर्ची, सगळं त्यानेच... पुढचा विचार त्याला करवेना. येत्या सात जानेवारीला गॉर्डी ग्लास वर करील तेव्हा आपण कुठे बघायचं, एवढंच त्याला कळेना.

दार करकरलं असावं, कारण वारा आला. परास्का शेपूची जुडी घेऊन धावत आत आली.

"अरे, केव्हाची बोंबलतेय ती! मला बागेच्या टोकाला ऐकू आली, आणि तू इथे शेजारी..."

ओस्तापने मान वळवली. किटलीच्या तोंडातून वाफेचा जाड झोत निघत होता.

परास्काचा हात किटलीच्या मुठीवर तसाच राहिला. तिने किटलीकडे पाहिलं, मग त्याच्या कानाकडे, मग दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे. हातोड्याचा दांडा पिशवीतून बाहेर आला होता. किटली तशीच ओरडत असावी. तिचे ओठ हलले, आणि या खेपेला ती खरोखरच पुटपुटली, पण ओस्तापला ओठांवरून शब्द कळला.

"चौसष्ट?"

त्याने मान डोलावली. तिने किटली खाली उतरवली, दोन पेल्यांत चहा ओतला आणि त्याच्यासमोर बसली.

शुक्रवारी परास्का तळघरात गेली नाही.